नख रुतणारा टायर

माझी स्कूटर विजेवरची. या वयात घेतली म्हणून अख्खी गल्ली बघायला आलती. वडगावातून अनगोळला आक्काकडं जायचं, एवढंच तिचं काम. आक्का माझी थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेत, ती कुठं येत नाही, मग मीच रोज दुपारी जाते. चहा पितो आणि त्याच त्याच गोष्टी पुन्हा बोलतो. आमच्या लहानपणाचं बोलायला आता दुसरं कुणी उरलंच नाही.

तर गेल्या महिन्यात वळणावर टँकरचं पाणी सांडलं होतं. मी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि मी स्कूटरसकट आडवी. लई लागलं नाही, कोपर खरचटलं. पण लेकानं किल्ली काढून खिशात घातली.

"बास झालं आई. मावशीकडं रिक्षानं जा."

"भर दुपारी या बोळात रिक्षा येती व्हय? आणि घसरला तो टायर. गुळगुळीत झालाय बघ."

"टायरला कशाला बोलतीस? वय बघ की."

"वय त्या टायरचंच झालंय रं!"

हसला, पण किल्ली दिली नाही. आठ दिवस आक्का भेटली नाही. फोनवर ती नुसतं "व्हय, व्हय" करते. समोर बसल्याशिवाय तिला बोलताच येत नाही. शेवटी रविवारी मीच म्हटलं, "नवे टायर घालू. त्यावरबी घसरले तर किल्ली कायमची तुझी." कबूल झाला.

दुकानदारानं एक टायर पुढं केला. "हा घ्या काकू, कडक माल. लई वर्षं बघायला नको."

मी अंगठ्याचं नख दाबलं. रुतेचना.

ही सवय आप्पांची, आमच्या वडलांची. कणकुंबीला घर आमचं. पावसाळ्यात तिथली तांबडी वाट नुसती निसरडी. आप्पा सायकलच्या चाकाला सुंभ गुंडाळायचे, आऱ्यांमधून वेढे घेत घेत. मग चाक चिखल धरायचं. ब्रेक मात्र लागायचा नाही, म्हणून हँडल धरून चालतच उतार उतरायचे. मी पुढं दांडीवर, आक्का मागं कॅरिअरवर. आक्का ओरडायची, "आप्पा, ब्रेक!" ते म्हणायचे, "मी हाय की ब्रेक."

बाजारात आमच्या चपला घेतानाही तळाला नख लावून बघायचे. नख रुतलं तर जमीन धरंल, म्हणायचे. त्या चपला लवकर झिजायच्या, आई करवादायची. पण आम्ही दोघी त्या उतारावर कधी पडलो नाही.

दुसऱ्या टायरात नख रुतलं. दुकानदार म्हणाला, "ह्यो रस्ता धरतो. पण झिजतो लवकर, आणि चार्जबी जरा जास्त खातो."

"मग कडकच घे," लेक म्हणाला. "दहा वर्षं टिकंल."

"टिकून कुणाला फिरवायचंय त्यानं? मला अनगोळपर्यंत धरून न्हेणारा पाहिजे."

दुकानदार हसला. लेक हसला नाही. त्यानं दोन्ही टायरांना आपलं नख लावून बघितलं आणि म्हणाला, "मऊच घाला. दोन्ही चाकांना."

नव्या टायराची वरची तुकतुकी जाईपर्यंत जपून चालवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. म्हणून चार दिवस लेकच गाडी फिरवत होता. पाचव्या दिवशी त्यानं गल्लीच्या तोंडाशी दोन बादल्या पाणी ओतलं आणि माझ्या मागं बसला. "चल. मी म्हटलं की दाब ब्रेक." दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यानं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

किल्ली परत खुंटीवर आली.

दुसऱ्या दिवशी मी अनगोळला गेले, तर आक्का काठी टेकत तिच्या दारापर्यंत आली. सगळं ऐकून घेतलं, मग एका हातानं माझा खांदा धरून वाकली आणि मागच्या टायराला नख लावलं. रुतलं. मग सरळ झाली, सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि त्या उताराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला बसली, जशी काय मी तिथं नव्हतेच.