घरतसाहेबांच्या पडवीतली दहाची घंटा

घरतसाहेब गेल्याचे त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी फोनवर सांगितले, तेव्हा मी रडले नाही. दीड महिना उलटला. अजूनही रडू आलेले नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु खोटे लिहिणे मला जमत नाही.

भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले घरतसाहेब दर रविवारी आपल्या पडवीत आम्हा चौघांना स्कीम ही संगणकाची भाषा शिकवीत. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा पाटी घेऊन बसलेली. त्या भाषेत कंसांचे रान असते आणि माझा एखादा कंस नेहमी उघडाच राही. "बाई, नकाशात कर्जत सापडतं, कंस नाय सापडत?" साहेब म्हणत आणि सगळे हसत. मीही हसे...

वर्षभराने मी पळसदरीच्या शाळेसाठी तासांची घंटा वाजवणारा प्रोग्रॅम रचला. वेळापत्रक लावण्याचे काम एका स्वतंत्र भागाकडे, म्हणजे लायब्ररीकडे सोपवले होते. मुख्य प्रोग्रॅमने ती आयात केली, म्हणजे आपल्यात बोलावून घेतली, की तिने आपणहून वेळा लावाव्यात, अशी योजना. घरी ती चोख चालत होती. दाखवण्याच्या दिवशी साहेब म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर लावू. तुमचा डबा दमतो." मुख्याध्यापक, शिक्षक, मुले, सारे मैदानात उभे. दहा वाजले, सव्वादहा झाले. घंटा वाजली नाही.

"घरी सपनात वाजली असंल, बाई," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

शिपायाने लोंबत्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा घातला. टाळ्या त्याला मिळाल्या.

कारण शोधायला मला तीन महिने लागले. स्कीम चालवणाऱ्या प्रणाली अनेक आहेत आणि आयातीचा अर्थ त्या एकसारखा लावत नाहीत. माझी प्रणाली आयात होताच लायब्ररी चालवी. साहेबांची मात्र, तिच्यातल्या एखाद्या आज्ञेचे नाव प्रत्यक्ष वापरल्याखेरीज, तिला हातही लावत नसे. चूक कुणाचीच नव्हती. हे समजावणारी पाने छापून मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"ठाऊक हाय. तवाही ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाय."

त्यानंतर मी त्या पडवीची पायरी चढले नाही. पुढे ते अंथरुणाला खिळले. वहिनींचा फोन आला, "बाई, एकदा येऊन जा ना. तुमची ती पानं उशाशी घेऊन झोपतात."

"त्यांनी बोलावलंय का?"

वहिनी घुटमळल्या. "...तसं नाय."

मी गेले नाही.

दिवसकार्य उरकल्यावर भेटायला गेले, तेव्हा पडवीतल्या त्यांच्या खुर्चीसमोर लॅपटॉप उघडाच होता. दहा वाजले आणि त्यातून घंटा वाजली. माझीच. मी उघडून पाहिले, तर आजारपणात त्यांनी माझ्या प्रोग्रॅममध्ये लायब्ररीतले एक नाव वापरणारी एकच ओळ घातली होती. तेवढ्याने ती त्यांच्याकडेही चालू लागली होती.

"रोज वाजतं, बाई. जीव कासावीस होतो. बंद कसं करायचं?"

वहिनींनी विचारले होते. मी बंद करून दिले. आता त्या पडवीत दहा वाजता काही वाजत नाही.