आपले दिवे कोणते

आमचे रत्नाकरराव नावाड्यांसाठी रेडिओ बनवून राहिले होते. कॉलेजातली त्यांची नोकरी त्याच कामावर. माघ सरायच्या आत नावेतून काठावर स्वच्छ आवाज आला तर ठीक, नाहीतर काम बंद, जबलपूर सोडून हैदराबाद. सासूबाईंना नर्मदाजी सोडायची नव्हती. तरी त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली, कुलूप लावलं आणि दाराशी ठेवली. ती दिसली की मी मागच्या दारानं ये-जा करायचे.

आवाज काही येईना, नुसती खरखर! आवाजाचे तुकडे करून शेकडो स्वरांवर पाठवतात म्हणे, आणि मधेमधे काही ओळखीचे स्वर, पायलट. उन्हानं यंत्र तापलं की सगळेच स्वर सरकतात. पायलट किती सरकले ते पाहून काठावरचं यंत्र बाकीच्यांना जागेवर आणतं. रावांनी पायलट ठेवले होते अगदी सारख्या अंतरावर. माणूसच तसा, पापडसुद्धा ओळीत वाळत घालेल.

एका संध्याकाळी नर्मदाजीच्या ग्वारीघाटावर गेलो. दिवे सोडायची आमच्या घरची एक रीत आहे. दोन द्रोण जोडीनं, जरा थांबून एक, मग बराच वेळ थांबून शेवटचा. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाण्यानं कुठंही नेले तरी आपले दिवे त्या ओळखायच्या. त्या दिवशी दिवे रावांनी सोडले. सारख्या अंतरानं, रेघ मारल्यागत! इतरांचेही तसेच. धुक्यात नदीभर उजेड वाहून राहिला होता. मला तर वाटलं, दिवे उभेच आहेत आणि घाटासकट आपणच वाहून राहिलो.

"आपले कोणते रे?" आईंनी विचारलं. "काहून असे सोडले? आता मी कोणाला हात जोडू?"

राव पाण्याकडे बघतच राहिले. "एक जागा सरकली तरी ओळ तशीच दिसते," ते पुटपुटले. "माझं यंत्रही असंच फसून राहिलं!" आणि चपला घाटावरच टाकून अनवाणी घरी पळाले. अगं बाई, लोक बघून राहिले होते!

माघ सरत आला तेव्हा पुन्हा घाटावर गेलो. राव नावेत, आम्ही दोघी काठावर. पायलट आता आमच्या दिव्यांसारखे, कुठं जवळ, कुठं लांब. ऊन चढलं, नाव मधोमध गेली, आमच्याजवळचा रेडिओचा डबा खरखरला. माझा जीव टांगणीला. मग शेजारी बसून बोलावं तसा आवाज आला, "आई, ऐकू येते का? ती पेटी उघड. कुठं जायचं नाही आता."

मी तर रडायलाच लागले. आईंनी डब्याचं बटण दाबलं.

"उघडून काय करू? रिकामीच आहे रे. मी त्यात काही भरलंच नव्हतं."