‘अण्णांच्या आठवणी’ आणि मी घातलेला घोळ

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या जुन्या पेठेतल्या लायब्ररीत जे झालं, त्यातनं मी अजून सावरलेले नाही. टाईप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर या लायब्ररीत महिन्यातून एकदा मोठ्यांसाठी काहीतरी सांस्कृतिक कार्यक्रम असतो. कधी कवितावाचन, कधी जुनी गाणी, कधी कुणाच्या तरी गप्पा. ठरवणार कोण, तर मी आणि लायब्ररीच्या मॅडम. ऐकायला येणार कोण, तर आम्ही दोघी आणि खुर्च्या.

या वेळी म्हटलं, आमच्या अण्णांनाच बोलवू. अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये रेफ्री... मॅच पेठापेठांची आणि शिट्टी यांच्या तोंडात. आई गेली, आम्ही पेठ सोडून लांब फ्लॅटवर राहायला गेलो, आणि अण्णांना बोलायला कुणी उरलंच नाही. कार्यक्रम ठरल्यापासून आरशासमोर तयारी चाललेली आणि मधूनमधून एकच प्रश्न, "कोण येतंय का ग पण?"

मग मी पेटलेच. मोबाईलवर पोस्टर केलं. अण्णांचा तरुणपणीचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो, कडेनं झेंडूच्या फुलांची बॉर्डर, खाली मोठ्या अक्षरांत ‘अण्णांच्या आठवणी’... रविवारी सायंकाळी पाच वाजता, सर्वांनी उपस्थित राहावे. मला तर लईच भारी वाटलं. टाकलं ग्रुपवर, आणि तिथनं ते कुठं कुठं फिरलं देव जाणे.

आलं का लक्षात? माझ्या नाही आलं... देवाशप्पथ नाही आलं.

रविवारी लायब्ररीपाशी पोचलो आणि अण्णांचे पाय अडले. म्हणाले, "तू वर जाऊन बघ. चार टाळकी असली तर मी काय येणार न्हाय." आणि समोरच्या चहाच्या टपरीत पार आत जाऊन बसले.

मी जिना चढले आणि दारातच थांबले. हॉल गच्च! खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. जुने खेळाडू, तालमीतली मंडळी, आमची जुनी गल्ली तर सगळीच्या सगळी. मला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं.

मग दिसलं... निम्मे लोक पांढऱ्या कपड्यांत. कुणी हसेना, कुणी बोलेना. टेबलावर माझंच पोस्टर, कुणीतरी प्रिंट काढून फ्रेम केलेलं, आणि पुढं उदबत्ती. मॅडम नेमक्या हातकणंगल्याला माहेरी गेलेल्या, म्हणजे खरं काय ते सांगायलाही कुणी नाही.

जुन्या शेजारच्या काकूंनी मला मिठी मारली आणि हंबरडाच फोडला, "कसं झालं ग पोरी?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णा सांगणार त्या अण्णांच्या आठवणी, असं माझ्या डोक्यात होतं. अख्ख्या पेठेनं वाचलं ते भलतंच!

तोवर माइकपाशी बंडूकाका गेले. हे अण्णांचे बालमित्र, आणि पलीकडच्या पेठेचे गोलकीपर. एका फायनलला अण्णांनी यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली, यांचा कप गेला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरून अण्णा दिसले तर गल्ली बदलणारा माणूस... तो हातात हार घेऊन उभा.

मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. पण काकूंच्या मिठीतनं सुटताच येईना.

काकांचा आवाज बसलेला. म्हणाले, "ती पेनल्टी... पेनल्टीच हुती. त्या पोराचा पाय मीच वढला हुता. अण्णा बरोबर हुता. त्येच्या तोंडावर म्हणायला पायजे हुतं... ऱ्हाऊन गेलं." आणि तिथंच रडायला लागले.

तेवढ्यात मागं दारातनं खणखणीत आवाज, "आता कसं बोललास! परत एकदा सांग की, मागं ऐकू आलं न्हाय!"

अण्णा! माझी वाट बघून कंटाळले आणि स्वतःच वर आले होते.

काकू किंचाळल्या. कुणीतरी खुर्चीसकट पडलं. बंडूकाका पांढरेफटक, हार तसाच हातात. "जित्ता हाईस व्हय रं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. अण्णांनी मान हलवली, तर हाच माणूस माइकमध्ये ओरडला, "मग न्हवती पेनल्टी!"

ओरडत होते आणि रडतही होते... तो हार त्यांनी अण्णांच्या गळ्यात घातला आणि मिठी मारली ती सोडेचनात. अण्णाही ढसाढसा रडले. मी त्यांना असं रडताना कधीच बघितलं नव्हतं.

मग कार्यक्रम झाला की! अण्णा गळ्यातल्या हारासकट बोलले, आणि बंडूकाका पहिल्या रांगेत बसून दर वाक्याला "खोटं, साफ खोटं" करत राहिले. मधनं एक माणूस उठून गेला नाही.

परत येताना अण्णा गाडीवर मागं हार सांभाळत बसले होते. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "लई माणसं आली ग."

आलेल्या सगळ्यांचे, हार आणणाऱ्यांचे, रडणाऱ्यांचे, खुर्चीवरनं पडलेल्यांचे अगदी मनापासून आभार. आणि ज्यांनी ज्यांनी आपापल्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलंय, त्यांनी तेवढं डिलीट करा... अण्णा सकाळपासून एकेकाला फोन लावून "व्हय, मीच बोलतोय" म्हणतायत, आणि शेजारी बसून नंबर काढून देतायत बंडूकाका.