हॉलमधून गेलेला पाइप

पडदेवालीच्या स्वयंपाकघरात सिंक होतं, नळ होता, आणि सिंकखाली एक बादली होती. घराची वाटणी झाल्यापासून ती बादली हेच तिचं गटार. भरली की उचलायची, हॉलमधून सासूबाईंच्या पलंगाला वळसा घालून पुढच्या दारापर्यंत न्यायची आणि दारासमोरच्या चेंबरमध्ये ओतायची. भाजी धुतली की बादली, भांडी घासली की बादली. दिवसभर लोकांचे पडदे शिवून खांदा आधीच भरून आलेला असायचा, त्यात ही वरात.

हे सगळं धाकट्या दिराचं देणं. नवरा गेल्यावर तिने घराचा अर्धा हिस्सा मागितला, तोही न रडता, सरळ नजरेला नजर देऊन. दिराला ते झोंबलं. हिस्सा द्यावाच लागला, पण तिच्या सिंकचं पाणी मधल्या भिंतीतल्या भोकातून त्याच्या अंगणात जायचं. ते भोक त्याने सिमेंटने बुजवून टाकलं.

"वहिनी, चार माणसांत 'माझं चुकलं' म्हणा," तो म्हणाला, "लगेच उघडून देतो."

"माझं काय चुकलं ते आधी तुम्ही सांगा, भाऊजी," ती म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.

पण बादली किती दिवस उचलणार? तिने दोन प्लंबर बोलावले. दोघांनीही घर पाहिलं, डोकं खाजवलं आणि एकच सल्ला दिला, दिराशी बोलून घ्या. तिसऱ्याला बोलवायच्या भानगडीत ती पडलीच नाही. चेंबर तिच्या वाटणीचं होतं, हॉल तिच्या वाटणीचा होता. पाइप हॉलमधून जाईल!

"माझ्या पलंगामागून गटार?" सासूबाई उठून बसल्या. त्या दिराच्याही आई, पण राहायच्या हिच्याकडे.

"मग काय करू? जाऊ त्यांच्याकडे?"

सासूबाईंनी पाय पलंगाखाली सोडले. "त्याच्यापुढे नाक घासायला गेलीस तर आधी माझा पलंग रस्त्यावर काढ. आण तुझा पाइप."

पाइपला उतार हवा, एवढं तिला कळत होतं. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी तिने पाण्याने भरली, एक टोक चेंबरच्या तोंडाशी बांधलं आणि दुसरं स्वयंपाकघरात धरलं. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या पातळीवर तिने शिवणाच्या खडूने भिंतीवर खूण केली. गल्ली घरापेक्षा बरीच उंच होती, सिंकचं पाणी सोडणारं तोंड खुणेच्या खाली होतं. पाणी चढ चढून जाणार नव्हतं.

पाइप खाली नेता येत नव्हता. मग सिंक वर का नको? तिने विटा रचून सिंक उचललं, इतकं की तिची कोपरं कानाला लागायला आली. त्यावर तोड म्हणून समोर लाकडी पायरी ठोकली. आता भांडी घासताना ती मंचावर उभी राहून भाषण देतेय असं वाटायचं. सासूबाईंनी टाळ्याही वाजवल्या.

भिंतीवर तिरकी खडूची रेघ मारून, पट्ट्या ठोकून, सांध्यांना चिकटवायचं सोल्युशन लावून तिने पाइप जोडत नेले. शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. तिने पाय टेकवून, दात आवळून तो कोंबला आणि नळ सोडला.

पाणी गेलं, थबकलं आणि फेसासकट सिंकमध्ये परत आलं. काठावरून वाहून तिच्या पायांवर पडलं. पलंगामागे पाइप भिंत सोडून वर फुगला होता, पट्ट्या निखळल्या होत्या.

दार उघडं होतं. दारात दीर उभा होता आणि त्याच्यामागे गल्लीतली दोन-तीन तोंडं.

"झाली हौस?" तो बऱ्याच मवाळ आवाजात म्हणाला. "वहिनी, दोन शब्दांचं तर काम आहे. म्हणा आणि सुटा."

तिची साडी भिजली होती, हात सोल्युशनने चिकट झाले होते, आणि खरं सांगायचं तर ते दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिने फडकं उचललं, खाली बसून फरशी पुसायला घेतली आणि त्याच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी ती मशीनवर पडदा शिवत होती. दोन्ही कडांना माया सोडली होती, शिलाईत जाणारं ते जास्तीचं कापड. मशीन थांबलं. तिने कपाळावर हात मारला. पाइपही तिने तसेच कापले होते, दोन्ही टोकांना माया धरून! पाइपचं एकच टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात शिरतं, माया एकीकडेच लागते. दर पाइपमागे जास्तीची लांबी साठत गेली आणि सगळी मिळून पलंगामागे वर आली. पडद्याला चुणी शोभते, पाइपला नाही.

चिकटलेले सांधे आता सुटणार नव्हते. तिने पदर खोचला, करवतीने फुगवट्यातला तुकडा कापून काढला आणि कपलर घालून दोन्ही टोकं जोडली. पाइप मुकाट्याने खडूच्या रेघेवर टेकला. सोल्युशन वाळू दिलं आणि पायरीवर चढून नळ सोडला.

सासूबाई पाइपला कान लावून बसल्या होत्या. "आलं... आलं... अगं, गेलं गं!"

ती धावत दाराबाहेर आली. चेंबरमध्ये साबणाचा फेस पडत होता. ती तिथेच दाराच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने हसली, दिराच्या खिडकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

बातमी गल्लीभर झाली. दुकानात, कट्ट्यावर लोक दिराला विचारू लागले, "काय हो, तुमच्या वहिनीचं गटार हॉलमधून जातं म्हणे?" हसायचे तिला नाही, त्याला. चार माणसांत मान खाली घालायची पाळी त्याच्यावर आली.

एका सकाळी स्वयंपाकघराची भिंत धडधडली. सिमेंटचे तुकडे गळून पडले आणि जुन्या भोकातून उजेड आला. पाठोपाठ छिन्नी धरलेला हात.

"वहिनी, उघडलंय," पलीकडून दीर म्हणाला. "काही म्हणायची गरज नाही. जोडून घ्या."

ती भोकासमोर उकिडवी बसली. याच भोकापायी तिने खांदा मोडून घेतला होता. वाईट वाटलं तिला, त्याचंही वाटलं. पण ते भोक त्याला पुन्हा कधीही बुजवता येणार होतं.

"भाऊजी, हात काढा."

"का?"

"सिमेंट लागेल."

सिंकच्या विटांचं उरलेलं सिमेंट तिने कालवलं, भोकात ठासून भरलं आणि थापीने भिंत सारखी केली. मग पायरीवर चढून नळाखाली थापी धुतली.

हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "गेलं गं!"