परळच्या इस्पितळातला राखीव डायनामो

प्लेगच्या साली आमची सॅपर्सची, म्हणजे पलटणीतल्या बांधकाम-यंत्रकामाच्या शिपायांची, तुकडी परळच्या एका तात्पुरत्या इस्पितळावर नेमली होती. काम विजेच्या दिव्यांचे. बॉयलर एक, इंजिने दोन, डायनामो दोन. एक जोडी रोज चाले. दुसरी राखीव, पहिली बंद पडली तरच लावायची. आमच्या घरातला पहिला बी. ए. मी. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी इंग्रजी पक्के करून घेतले, त्यामुळे यंत्राची पुस्तके वाचता आली आणि कंपनीच्या साहेबाने मला हवालदार करून डायनामोंवर ठेवले. मास्तरांचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

राखीव यंत्र नुसते उभे ठेवून चालत नाही. आठवड्यातून एकदा दिव्यांचा भार देऊन ते फिरवायचे आणि फिरता दांडा ज्यात टेकतो त्या बेअरिंगवर हात ठेवून पाहायचे. हात ठेववत नसेल इतके ते तापले तर कुठेतरी बिघाड आहे. तेल गाळून घालायचे. खोलीत वारा खेळता ठेवायचा. एवढेच. पण माझे वरिष्ठ जमादार शिर्के यांना हे पटवताना माझा जीव मेटाकुटीला आला. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे परेडला उभा शिपाई. चालवले की काळे होते, म्हणून चालवायचे नाही. दारे लावून ठेवायची, धूळ नको. आणि पितळ दिसले की विटेच्या पुडीने घासायचे, पलटणीत बक्कल घासतात तसे.

बेअरिंगवरचे तेलाचे कप पितळेचे होते.

"जमादारसाहेब, पूड तेलात उतरते. फिरत्या दांड्याखाली वाळू घातल्यासारखे आहे हे."

"बी. ए. झाला म्हणून पितळ काळं ठेवायचं व्हय? शनवारी साहेब बघायला येतोय."

"साहेब दिवे बघायला येतो."

"मग तुमी दिवं बघा. मी कप बघतो."

घासायचे काम सॅपर धोंडू परबकडे होते. मालवणकडचा, दोन लेकरांचा बाप. "हवालदारसाब," तो म्हणे, "जमादार म्हणतत घास, तुमी म्हणतास धू. माका दोन हात आसत म्हणान बरा." मी कप धुऊन घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लखलखाट. तक्रार घेऊन साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाले, कंपनीत सर्वांत स्वच्छ खोली तुमचीच आहे.

एका संध्याकाळी दिवे लागल्यावर रोजच्या इंजिनाचा डायनामो फिरवणारा पट्टा तुटला. तुटलेले टोक धोंडूच्या मांडीवर बसले. मोठी शीर फाटली. जखम दाबून धरून त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले. डॉक्टरांचा निरोप आला: भुलीसाठी ईथर द्यायचे आहे, ते पेट घेते, जवळ कंदील चालणार नाही. वीज हवी, ताबडतोब.

बॉयलरमध्ये वाफ होती. राखीव इंजिन सुरू केले. उजेड आला. थोड्याच वेळात जळक्या तेलाचा वास सुटला. बेअरिंगला हात लावला आणि झटकन काढला. जमादारांनी पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! एकदम गार पडले तर दांडा आवळला जाईल."

"मग काय करू? सांगा!"

"एरंडेल ओता. थांबू नका. पूड वाहून गेली पाहिजे."

मी दारे उघडली. वॉर्डांच्या सगळ्या दिव्यांची वीज तोडली, फक्त टेबलावरचे दिवे ठेवले. भार उतरला, पण बेअरिंग निवेना. खालून पडणारे तेल विटकरी होते. जमादारांनी ते पाहिले.

खिडकीत तुकडीतला एक नाईक आला. "डॉक्टर विचारतात, किती वेळ चालेल?"

"त्यांना किती वेळ लागेल?"

"शीर बांधतायत."

"तेवढा वेळ चालेल म्हणावे." मला काहीच ठाऊक नव्हते.

जमादारांच्या बोटांना फोड आले. तेलाचा डबा त्यांनी कुणाला दिला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मीही मागितला नाही.

शीर बांधून झाली. टाके पडले. पण रक्त फार गेले होते. धोंडू टेबलावरच गेला. निरोप आला तरी जमादार तेल ओतत राहिले. शेवटी मीच वाफ बंद केली.

सकाळी लालबागहून धोंडूचे काका आले. गिरणीत कामाला होते. कपड्यांवर कापूस तसाच. त्या दिवसांत लोक म्हणत की इस्पितळात नेलेला माणूस अंधारात मरतो, त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. काकांनी एवढेच विचारले, "काळोखात नाय मा गेलो तो?"

"नाही," मी म्हणालो. "शेवटपर्यंत उजेड होता. आम्ही सगळे जागेवर होतो."

त्यांनी मान हलवली.

जमादार शिर्के माझ्या मागे उभे होते. ते पुढे आले आणि त्या गिरणीकामगाराला त्यांनी सलाम केला. हाताला पट्ट्या बांधलेल्या होत्या. बोटे सरळ होत नव्हती.