विहिरीतला डोंगर

काटेवाडीजवळ आमचं शेत आहे आणि आमच्या शिवारात सगळ्यात उंच काय असेल तर पाण्याची टाकी. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी हिमालयात सहा हजार मीटरचं शिखर चढायला जाणार म्हटल्यावर लोकांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे. का जायचंय हे मला नीट सांगता येत नव्हतं, अजूनही येत नाही. एकदा सहलीच्या बसच्या काचेतून बर्फाचा डोंगर बघितला होता, तो डोक्यातून गेला नाही एवढंच.

बारामतीतल्या आमच्या गटाला एक सर शिकवतात. दर रविवारी सह्याद्रीतला एखादा गड चढायचा आणि बाकीचे दिवस पाठीवर वजन घेऊन पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. त्यांचा नियम एकच. दुखणं असो की भीती, लपवायची नाही. "वर आपण सगळे एका दोराला बांधलेले असतो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. लपवलेलं कळलं की त्या माणसाचं जाणं रद्द. सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली, आणि मला उंचीची भीती वाटते हे गिळून टाकलं.

साधीसुधी भीती नव्हती ती. उघड्या कड्यावर नजर खाली गेली की माझे पाय लटपटायला लागतात, तळहात ओले होतात आणि पुढचं पाऊल कुठलं हेच सुचत नाही. गडाच्या कातळपायऱ्या आल्या की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसायचो. दर रविवारी नेमकी तिथेच माझी नाडी सुटायची. गटातले हसायचे, मीही हसायचो.

भीती मोडायची तर रोज उंचीवर उभं राहायला हवं, असं मीच ठरवलं. बारामतीत एका पाच मजली इमारतीचे जिने दोन दिवस चढलो. तिसऱ्या दिवशी राखणदाराने पाठीवरच्या सॅककडे बघत विचारलं, "कुणाकडं चाललाय रोज?" त्याला काय सांगणार? मग आमची विहीर आठवली.

विहीर आजोबांच्या वेळची, पन्नास फूट खोल. आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड, एकेका पावलापुरते, धरायला काहीही नाही. लहानपणी मी कधी त्यावर पाय ठेवला नव्हता. आता रोज सकाळी धारा काढून झाल्या की कॅनॉलवर चालायला जातो असं बायकोला सांगायचो आणि विहीर गाठायचो. सॅकमध्ये वजन म्हणून कारखान्याकडून मिळालेली सभासदाची साखर, वीस किलो. पहिल्या दिवशी चार दगड उतरलो आणि भिंतीला चिकटून रडकुंडीला आलो. महिन्याभरात पाण्यापर्यंत जाऊन यायला लागलो. भीती गेली नव्हती, पण तिच्यासकट हलता येत होतं.

त्या सोमवारी मात्र मी चुकलो. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची. आदल्या आठवड्यात ती रात्रीची होती. रात्री कोण उठणार, म्हणून आम्ही मोटर ऑटोवर टाकून ठेवतो, लाइट आली की ती आपोआप चालू होते. सोमवारी पाळी बदलते हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी तेव्हा पाण्याजवळून वर निघालो होतो आणि डोक्यात फक्त पुढचा दगड होता.

निम्म्यावर आलो तेव्हा लाइट आली, मोटर सुरू झाली आणि भिंतीलगतचा तिचा पाइप थरथरला. माझ्या डोक्याच्या वर तीन-चार हातांवर पाइपाचा एक सांधा होता, सायकलची ट्यूब गुंडाळून मीच तो दाबून बसवला होता. तो सुटला आणि पाण्याची धार सरळ वरच्या दगडांवर आदळायला लागली. पाइपालगत मोटरची केबल होती, तिच्या जोडावर नुसती टेप. तीही भिजत होती. वर जावं तर धार आणि केबल. खाली पाय टाकावा तर न बघता, ओल्या दगडावर. मी गालासकट भिंतीला चिकटलो. ओरडलो, पण पाण्याच्या आवाजात मलाच ऐकू गेलं नाही. सॅकमधली साखर भिजून पाक मानेवरून, पोटऱ्यांवरून बुटात उतरत होता. इतका घाबरलो होतो की देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. आता मरणार, आणि बायको मला कॅनॉलवर शोधत बसणार, एवढंच मनात येत होतं.

बायको त्या वेळी उसाच्या सऱ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला आली होती. तिला पाळी बदललेली बरोबर लक्षात होती. पाटात पाणी बारीक का पडतंय म्हणून ती विहिरीवर बघायला आली आणि कठड्यावरून वाकली. तिचा चेहरा मला दिसला. ती किंचाळली नाही.

"हलू नका. तितंच थांबा."

नुसतं बटण दाबलं तर ऑटोवरची मोटर पुन्हा उचलते, म्हणून तिने मोटरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपटून काढले. धार थांबली. वर यायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. वर आलो तेव्हा ती मातीत बसली होती आणि फ्यूज मुठीत गच्च धरले होते.

"कॅनॉल हितं हाय व्हय?" ती म्हणाली. सरांचा नियम तिला ठाऊक होता. म्हणाली, "सरास्नी तुमी सांगताय का मी सांगू?"

मी तिच्यासमोरच फोन लावला. भीतीचं सांगितलं, नाडीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. जाणं रद्द झालं असं मी धरूनच चाललो होतो. मग सरांनी विचारलं, "अडकलात तेव्हा काय केलंत?"

"काही नाही. होतो तिथेच थांबलो."

"थांबलात, आणि स्वतःहून सांगितलंत. रविवारी या. कड्यावर माझ्या पुढे चालायचं. आणि विहिरीत पुन्हा एकटं उतरायचं नाही."

तेव्हापासून बायको विहिरीवर माझ्याबरोबर येते. आधी फ्यूज काढून ओटीत घेते, मग कठड्यावर बसते, आणि मी वर येईपर्यंत कुणाशी फोनवरही बोलत नाही. सॅकमध्ये आता वाळू असते. साखरेच्या मुंग्या अजून निघतात.

पंधरा दिवसांनी निघायचं आहे. मला झोप नीट लागत नाही, तिलाही लागत नाही. काल मी वर येऊन बूट सोडत होतो, तेव्हा ती ओटीतले फ्यूज चाळवत म्हणाली, "आन् तितं वर? तितले फ्यूज कुणाजवळ आसत्यात?"

सर आहेत, दोर आहे, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. पण तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

"कुणाजवळच न्हाय," मी म्हणालो.

तिने कठड्यावरून विहिरीत डोकावून बघितलं. "मग लई भ्या वाटलं तर म्हागारी फिरा," ती म्हणाली. "मी गावात कुणाला सांगायची न्हाय."

मग ती उठली आणि फ्यूज बसवायला पेटीकडे गेली. ऑटो तिने त्या सोमवारपासून बंदच ठेवलाय.