मागच्या सीटवर नवरा

दसरा, सकाळची वेळ. मुलुंड, आमच्या इमारतीचं पोडियमवरचं पार्किंग. हजर: मी, नवरा, सासूबाई, पहिल्या मजल्यावरचे काका (न बोलावता) आणि मधोमध झेंडूचा हार घातलेली मोटरसायकल.

मोटरसायकल माझी. दहिसरच्या एका गृहस्थांना परदेशात नोकरी लागली, म्हणून ते विकत होते. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, पुढे वारा अडवणारी काच, लांबच्या रस्त्यासाठी बांधलेली. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावर आमचे शनिवार-रविवार एकदम रिकामे झाले होते. नवऱ्याने त्यांत वर्तमानपत्रं भरली. मी गाडी घेतली. कॉलेजात असताना मी वडिलांची मोटरसायकल चालवत असे, नंतर वीस-बावीस वर्षं स्कूटर. पन्नाशी दाराशी आली होती आणि आता नाही तर कधीच नाही, एवढं साधं गणित होतं.

विक्रोळीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. त्यामुळे जुनी वस्तू ताब्यात घेताना काय करायचं ते हाताला माहीत आहे: आधीच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, पण इंजिन ऑइल बदलायचं. तसंच केलं. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवं. टायरची नक्षी छान दिसत होती, पण कडेवरच्या तारखेच्या छापावरून कळत होतं की रबर म्हातारं झालंय. दोन्ही टायर बदलले. चेन धुतली, ताणली, वंगण दिलं. पुढच्या चाकाच्या एका फोर्कचं तेलाचं सील पाझरत होतं, ते साकीनाक्याला जाऊन बदलून आणलं. ब्रेक पॅड अर्धे शिल्लक होते. अर्धे म्हणजे पुष्कळ, म्हणून ते पुढच्या यादीत ढकलले.

सुधारणांची यादी वेगळी होती आणि खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक कामं नवऱ्यासाठी होती. मागे टेकायला पाठ असलेली डिकी. धरायला रुंद दांडी. मागचे पायटे जरा खाली, म्हणजे त्याचे गुडघे कानाशी येणार नाहीत. माझ्यासाठी मी फक्त हँडल थोडं वर घेतलं आणि साइड स्टँडच्या पायाला रुंद पत्रा लावला, कारण मालवणजवळच्या आमच्या गावी अंगणात वाळू आहे आणि तिथे गाडी कलंडते.

गाव म्हणजे डिसेंबर. डिसेंबरात दोघांनी या गाडीवरून गावी जायचं, असं माझ्या डोक्यात होतं. त्याच्या डोक्यात नव्हतं. लग्नाआधी तो एका मित्राच्या मागे बसून जाताना घोडबंदर रोडला पडला होता आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो दुचाकीवर बसलेला नाही. माझ्या स्कूटरवरसुद्धा नाही. पाऊस असो, ऊन असो, स्टेशनपर्यंत चालत. मी हसत असे, पण ओढत कधी नसे. मला एकटीला गावी जाता येतं, त्यात काही अडचण नाही. पण एकटीने जायचं असतं तर मी एवढी मोठी गाडी घेतलीच नसती.

बऱ्याच बोलण्यानंतर तो एकदाच यायला कबूल झाला. दसऱ्याला त्याच्या ताईकडे, बोरिवलीला, सोनं द्यायला.

"फक्त बोरिवलीपर्यंत," तो म्हणाला. "घोडबंदरने नाही, पवईवरून. आणि डिसेंबरचं मी त्यानंतर सांगणार. मध्ये विचारायचं नाही."

"आणि नाही म्हणालास तर?"

"तर मागच्या सीटवर बॅग बांध. ती ओरडत नाही."

तर दसरा. सकाळी मी टायरमधली हवा बघितली, चेन बघितली, दोन्ही ब्रेक दाबून बघितले, दिवे बघितले. मग आम्ही वर कपडे बदलायला गेलो आणि खाली सासूबाई पूजा करत राहिल्या. हत्यारांची आणि वाहनांची पूजा हे त्यांचं खातं, त्यात कुणी हात घालत नाही. आम्ही उतरलो तेव्हा टाकीवर हळदकुंकू, हँडलला हार, चाकाखाली लिंबू, आणि नारळ फुटलेला. काका खोबरं खात उभे.

"एवढी मोठी गाडी! ॲव्हरेज काय देते?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते दर दोन दिवसांनी विचारत.

"काका, कालच्याइतकंच."

सासूबाईंनी आम्हा दोघांना ओवाळलं. नवऱ्याने मुलीचं जुनं हेल्मेट घातलं होतं, त्यात त्याचे गाल पुढे आले होते. तो दोन प्रयत्नांत मागे चढला, दांडी धरली, मग सोडून माझे खांदे धरले, मग पुन्हा दांडी.

"नेमकं काय धरायचं असतं?"

"जे आवडेल ते. निघू?"

लिंबू चिरडून आम्ही निघालो. पोडियमवरून गेटकडे उताराचा रॅम्प आहे. मी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखी घट्ट, पण गाडी थांबेना. लोण्यावर बोट फिरावं तशी सरकत राहिली. मी मागचा ब्रेक दाबला, चाक किंचित घसरलं आणि आम्ही गेटाशी, वॉचमनच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला टेकून थांबलो. वॉचमन गेटला तोरण बांधत होता. त्याने खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा तोरणाकडे वळला.

नवरा उतरला. हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हणाला.

"काय?"

त्याने काच वर केली. "मी रिक्षा बघतो म्हटलं."

मी गाडी स्टँडला लावली. खाली वाकून डिस्कला बोट लावलं. बोट लाल झालं. लाल आणि तेलकट. डिस्क म्हणजे चाकाच्या मधली ती पोलादी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्हीकडून चिमटीत धरतात. तिच्यावर अर्धवट फरफटलेलं एक स्वस्तिक होतं. दुसऱ्या बाजूच्या डिस्कवरही. मी बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

"तिळाचं तेल," तो म्हणाला. "समईचं."

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. पोडियमच्या कठड्याशी सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या.

"अरे, थांबलास कित्याक?" त्यांनी वरून हाक मारली. "चाकाक बी कुंकू लायलंय हां! तेलात कालवलंय, आता उडाचा नाय. गेल्या वर्सा स्कूटरवरचा सगळा उडान गेलला!"

गेल्या वर्षी स्कूटरवरचं कोरडं कुंकू दुपारपर्यंत उडालं होतं आणि त्यांना ते फार लागलं होतं. म्हणून यंदा त्यांनी बंदोबस्त केला. आणि एवढ्या मोठ्या काळ्या गाडीत ताटासारखी गोल, चकचकीत, पुजण्यासारखी जागा त्यांना एकच दिसली. मागच्या चाकाकडे वाकवलं नाही, म्हणून मागचा ब्रेक वाचला. आम्हीही.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा हळूच म्हणाला, "हस."

"काय?"

"हस गं. ती बघतेय. हात कर."

मी हसले. हात केला. त्याने वर बघून ओरडून सांगितलं, "आई, झकास झालंय!" आणि मला म्हणाला, "गाडी ढकलत बाहेर काढ. कोपऱ्यापर्यंत. तिला कळलं की तिच्या पूजेने ब्रेक गेला, तर ती सणाच्या दिवशी जेवणार नाही. आणि पुढच्या वर्षी दिव्यालासुद्धा हात लावणार नाही."

रिक्षा बघायला निघालेला माणूस गाडी ढकलायला लागला. दोनशे किलोंच्या वर वजन आहे तिचं. इमारतीच्या कोपऱ्यामागे इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीशी आम्ही थांबलो. नवा झब्बा घामाने पाठीला चिकटलेला, पण तो एकदाही कुरकुरला नाही. काकांना फोन करून मी पार्किंगच्या कपाटातला ब्रेक साफ करायचा स्प्रे आणि पाने मागवले. काका ते पिशवीत लपवून, वर खोबऱ्याचे तुकडे ठेवून घेऊन आले.

"मी म्हणत होतो, स्कूटर बरी," ते म्हणाले.

"काका, तुम्ही ॲव्हरेज म्हणत होतात."

डिस्क पुसून लख्ख झाल्या. पॅड काढून बघितले, तर तेल आत मुरलेलं. वरचा थर घासता आला असता, आणि एकटी असते तर कदाचित मी हळूहळू दुकानापर्यंत गेलेही असते. पण माहीत असताना मागे माणूस बसवायचा नाही.

"आज नाही जमणार," मी म्हटलं. मला वाटलं, तो सुटकेचा श्वास सोडेल. त्याने रुमालाने हात पुसले आणि विचारलं, "पॅड कधी मिळतील?"

"ऑर्डर केले तर तीन-चार दिवसांत."

"म्हणजे कोजागिरीच्या आत. सोनं कोजागिरीपर्यंत चालतं." आणि त्याने बोरिवलीला फोन लावला.

ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काय रे, पडलात?"

"नाही."

"मग निघाला नाहीत कसे?"

"आईने ब्रेकला कुंकू लावलं. तेलातलं."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग ताई म्हणाली, "तिला सांगू नकोस रे बाबा. माझ्याकडे अचानक पाहुणे आले म्हण. पुरणपोळ्या डब्यात ठेवते."

असं ते त्यांच्यात ठरलं. सासूबाईंना पाहुण्यांचं कारण पटलं. "कोण पावणे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याने ताईच्या सासरचं कुणीतरी सांगून टाकलं.

पॅड आले. मी सकाळी ते बसवले आणि नवऱ्याला सांगितलं की नवे पॅड लगेच नीट पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन पुन्हा पुन्हा दाबावे लागतात, मगच ते डिस्कशी जमवून घेतात. मी हायवेच्या सर्व्हिस रोडला जाऊन येते.

"मी येतो," तो म्हणाला.

"कशाला? गचके बसतात."

"मी मागे असताना ती थांबते की नाही, ते मला बघायचंय. बोरिवलीच्या आधी."

मी वाद घातला नाही. रविवारी सकाळी रस्ता मोकळा होता. मी वेग घ्यायची, ब्रेक दाबायची, आणि प्रत्येक वेळी त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. ठक.

"आपटू नकोस ना!"

"मग थांबवू नकोस!"

"अरे, थांबते का तेच बघायला आलायस!"

"थांबते," तो म्हणाला. "पुन्हा."

आम्ही पुन्हा केलं. ठक. पुन्हा. काही वेळाने ठक व्हायचं बंद झालं. माझ्या लक्षात आलं की ब्रेक लागायच्या आधीच तो टाकीला हात लावून स्वतःला सावरायला शिकलाय. मी लिव्हरकडे बोटं नेली की त्याला कळत होतं. म्हणजे हा माणूस डोळे मिटून बसला नव्हता. तो माझ्या खांद्यावरून माझे हात बघत होता.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आम्ही बोरिवलीला निघालो. सासूबाई पुन्हा ताट घेऊन खाली आल्या, वाटीत तेच तेलातलं कुंकू. मी जागच्या जागी थिजले. नवऱ्याने त्यांचा हात मनगटाशी अलगद धरला आणि टाकीकडे नेला.

"आई, इथे लाव. समोर दिसतं."

"आणि चाकाक?"

"चाकाचं दसऱ्याला झालं ना. तिला पुन्हा पुन्हा नको लावू, लाजते."

"गाडी खंय लाजता!" सासूबाई हसल्या आणि टाकीवर मोठं, ठळक स्वस्तिक काढलं. ते अजून आहे. रंगापर्यंत मुरलंय, निघत नाही, आणि मी काढायचा प्रयत्नही केलेला नाही.

पवईवरून गेलो. तलावाच्या कडेला त्याने एकदा माझा खांदा थोपटला. मी वेग कमी केला. वाटलं, घाबरला.

"काय झालं?"

"काही नाही. इकडून तलाव दिसतो, हे माहीत नव्हतं. रिक्षातून दिसत नाही."

पश्चिम महामार्गावर खूप गर्दी होती. पुढे एका पुलावर टेम्पोने वळण कापलं तेव्हा माझ्या कमरेला धरलेले हात घट्ट झाले, पण मी सोड म्हणायच्या आतच सैल झाले.

ताईने दारातच त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आलास रे बाबा अख्खा." आपट्याची पानं दिली-घेतली. मी हात धुवायला मोरीत गेले, तेव्हा बाहेर दोघं बोलत होती. मी नळ बारीक केला.

"कसं वाटलं?" ताईने विचारलं.

"कसलं कसं? कंबर गेली," तो म्हणाला. "ही सीट आहे का फळकूट? बोरिवलीपर्यंत ही गत, तर मालवणपर्यंत माझं काय होणार? डिसेंबरच्या आत ही सीट मऊ करून घेतली नाही ना, तर मी हिच्याशी बोलणार नाही."

मी नळ बंद केला. पुन्हा सुरू केला. तोंड धुतलं. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याला नळाचं कारण देता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही. मीही डिसेंबरचं काही विचारलं नाही. मध्ये विचारायचं नाही, असं ठरलं होतं.

घरी येऊन मी चौकशी केली. साकीनाक्याला एक जण सीटचा फोम बदलून देतो. त्याचं म्हणणं असं की मागे बसणारा माणूस स्वतः आला पाहिजे. त्याला सीटवर बसवून, कुठे दाब पडतो ते बघून फोम कापतात. मी सांगितलं, तर नवरा म्हणाला, आठवड्यात ऑफिस आहे, रविवारी जाऊ. दुकान रविवारी बंद असतं. शनिवारी अर्धा दिवस उघडं, आणि शनिवारी त्याच्या बँकेत कधी काम असतं, कधी नसतं. गेल्या शनिवारी नव्हतं, तर त्याला सर्दी. डिसेंबर जवळ येतोय. गावी चुलत जावेला मी फोन करून आम्ही दोघं येतोय म्हणून सांगून झालंय, खोली झाडून ठेव म्हटलंय. सीट अजून तशीच फळकुटासारखी आहे.